पोलक्याच्या हुकांची आगगाडी

कमळ रडली असती, तर सुचित्राबाईंना बरं वाटलं असतं. भांडी आपटली असती, गणपती मंडळाच्या माणसांना दोन शिव्या हासडल्या असत्या, तरी चाललं असतं. पण ती मागच्या पडवीत पाय पसरून बसली होती आणि आपल्याच हातचं काम आपल्याच हातांनी उसवत होती. मांडीवर पत्र्याचा एक चिमुकला आगगाडीचा डबा, हातात बारीक पक्कड. तार कापायची, हूक काढायचा, डबीत टाकायचा.

"अगं, थांब तरी जरा," सुचित्राबाई म्हणाल्या.

"असू दे गं आई."

हे 'असू दे' सुचित्राबाईंच्या डोक्यातून जात नव्हतं. ठरत आलेलं लग्न मोडलं तेव्हा कमळ 'असू दे' म्हणाली होती. शाळेतली शिवणबाईंची जागा तिला कबूल करून दुसरीला दिली, तेव्हाही 'असू दे'च. सत्ताविसाव्या वर्षी ज्या मुलीला कशाचाच राग येत नाही, ती आपल्यामागे या जगात कशी टिकणार? लोक तिच्या अंगावरचं लुगडं मागतील आणि ही घडी घालून देईल.

आणि हे काम तर असं होतं, की त्यावरून तिने घर डोक्यावर घ्यायला हवं होतं.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी कमळ बारा वर्षांची होती. सुचित्राबाई बी.ए. झालेल्या, अलिबागेत तेव्हा अशा बायका फारशा नव्हत्या. किहीमला खोरशेदबाई नावाच्या पारशी बाईंचा बंगला होता. त्यांच्या मुलाला, रुस्तुमला, उन्हाळ्यात मराठी शिकवायला सुचित्राबाई जात आणि कमळला सोबत नेत. तिथल्या व्हरांड्यात रुस्तुमची चावीची आगगाडी मांडलेली असे. इंजिन झकास होतं, पण डबे दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे. काहींना मागेपुढे पत्र्याची चपटी जीभ, काहींना जाडा आकडा. एकाचं दुसऱ्यात अडकेना. मग रुस्तुम ते सुतळीने बांधायचा. सुतळी वळणावर सैल पडायची, पुढे हिसका द्यायची, आणि सगळी गाडी आडवी. त्यात चाकं पातळ पत्र्याची, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. रुळाला धरून राहतील तर शपथ.

रुस्तुम रडायचा. कमळ उकिडवी बसून नुसती चाकांकडे बघायची.

पुढे रुस्तुम विलायतेला शिकायला गेला आणि तिथलाच झाला. कमळ मॅट्रिक होऊन शिवणकामाला लागली. तीन-चार वर्षांपूर्वी ती खोरशेदबाईंचे पडदे शिवून द्यायला गेली, तेव्हा त्यांनी माळ्यावरची पेटी तिच्यापुढे सरकवली.

"डीकरी, तू घेऊन जा. माझा छोकरा आता काय परत येत नाय. पण ऐक, ही गाडी वळणावर नाय पडली ना, तर मला बोलव. आयुष्यात एकदा मला ती पुरी फिरलेली बघायची हाय. तोपर्यंत मी मरत नाय, जा!"

वर त्यांनी मुंबईच्या घरचा टेलिफोन नंबरही सांगितला. कमळने तो शिलाई मशीनच्या झाकणाच्या आत खडूने लिहून ठेवला, आणि दर वेळी पुसट झाला की पुन्हा गिरवला.

मशीनवरच्या कामातून सवड मिळेल तशी ती डब्यांच्या मागे लागली. जिभा आणि आकडे तिने कापून टाकले. मग एके दिवशी गिऱ्हाइकाच्या पोलक्याला हूक लावता लावता मधेच हात थांबवून हसली. पोलक्याच्या हुकाला मागे दोन बारीक कड्या असतात, त्यातून दोरा घालून तो शिवतात. कमळने डब्याच्या पत्र्याला टोच्याने दोन भोकं पाडली आणि हूक केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेने तिथे शिवून टाकला. पुढच्या डब्याला हुकाची जोडीदार कडी. सगळे डबे एकसारखे. हूक कडीत अडकायचा, वळणावर हवा तेवढा वळायचा, आणि सुटायचा मात्र नाही. बायकांची पोलकी दिवसभर ज्याच्या भरवशावर असतात, तो डबे सोडील होय?

चाकं तिने बटणांची केली. कोटाचं मोठं बटण आत, सदऱ्याचं लहान बटण बाहेर, दोन्ही लाखेने चिकटवलेली. लहान बटण रुळावर चालायचं आणि मोठ्याची कड त्याला रुळावरून घसरू द्यायची नाही. आस म्हणून विणायच्या सुईचे तुकडे. तरीही डबे हलके पडून उडत, तेव्हा नीराबाई कोळीण मदतीला आली.

"घे गो कमळबाय, जुन्या जाल्याचा शिसा हाय. माजा जाला बुडवतंय, तुजी गारी काय उरू देनार हाय!"

शिशाचे मणी डब्यांच्या पोटात बसले आणि गाडी पडवीभर फिरू लागली. आळीतली पोरंटोरंच काय, म्हातारीकोतारीसुद्धा बघायला येऊ लागली. ते मंडळाच्या कानावर गेलं. यंदा आळीच्या गणपतीपुढे ही गाडी फिरवायची, देखाव्यात स्टेशन उभारायचं असं ठरलं. "चावी तूच द्यायची हो कमळताई," असं अध्यक्ष दादासाहेब वकील स्वतः घरी येऊन म्हणाले. कमळने त्या दिवसासाठी स्वतःला एक नवीन पोलकं शिवलं. एरवी गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर भागवणारी मुलगी!

काल मांडवात गाडी चालवून बघितली. तीन फेऱ्या झाल्या. एक डबा हलला असेल तर शपथ. टाळ्या पडल्या. दादासाहेब खाली वाकून म्हणाले, "वा! ही डबे जोडायची कपलिंगं मुंबईहून मागवलीत वाटतं?"

"नाही," कमळ म्हणाली. "पोलक्याचे हूक आहेत."

ती 'फॅन्सी कपलिंग' म्हणाली असती, तर सगळं पार पडलं असतं. पण खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. दादासाहेब ताठ उभे राहिले.

"पोलक्याचे? देवापुढे?"

"आणि आतलं शिसं कोळणीच्या जाळ्यातलं, असं ऐकतोय मी," किराणा-कटलरीवाले रावजीशेठ म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

निकाल तिथेच लागला. हूक आणि शिसं काढायचं, यंदापुरते डबे लाल दोऱ्याने बांधायचे. पुढच्या वर्षी रावजीशेठचा मुंबईचा भाचा नीट कपलिंगं बसवील. चावी द्यायलाही भाचाच बरा, बाईमाणसाने गर्दीत उभं कशाला राहायचं? इंजिन आणि रूळ मांडवातच राहिले. डबे तेवढे उसवायला कमळकडे आले, आज संध्याकाळपर्यंत परत द्यायचे म्हणून.

सुचित्राबाईंनी सकाळी नवऱ्याला छेडलं होतं. अण्णा कचेरीत जायला टोपी शोधत होते.

"अहो, तुम्ही दादासाहेबांशी बोला."

"सणासुदीला कशाला वाद? हूक तर आहेत. दुसरे मिळतील."

"हूक मिळतील हो. मुलगी कुठनं आणाल दुसरी?"

अण्णांना टोपी सापडली. ते गेले.

आता कमळच्या डबीत आणखी एक हूक पडला. सुचित्राबाई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"खरं सांग. तुला काहीच वाटत नाही?"

कमळची पक्कड थांबली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "दोऱ्याने बांधली की पहिल्याच वळणाला पडेल ती. सगळ्या गावासमोर. आणि कोणी म्हणणार नाही की दोऱ्याने पडली. म्हणतील, कमळने केलेली पडली."

एवढंच बोलली. पण त्यात 'असू दे' नव्हतं. सुचित्राबाई उठल्या, पायात चपला सरकवल्या, आणि तशाच मांडवाकडे निघाल्या.

मांडवात रावजीशेठ शिडीवर चढून पताका लावत होते.

"रावजीशेठ, इंजिन आणि रूळ घ्यायला आलेय."

"ते आता मंडळाचं झालं, बाई."

"कोणी दिलं मंडळाला? पेटी माझ्या मुलीची आहे. तुम्हाला चार दिवस बघायला आणली होती. बघून झाली."

"पण देवाच्या कामाला..."

"देवाचं मला सांगू नका. तुमच्या दुकानात पोलक्याच्या हुकांचा खोका कुठे असतो? गणपतीच्या तसबिरीखाली! रोज सकाळी उदबत्ती ओवाळता, तेव्हा पहिला धूर त्या हुकांना लागतो. त्याच खोक्यातले हे हूक. दुकानात असताना पवित्र, आणि माझ्या मुलीचा हात लागला की बाटले होय?"

पताका लावायला आलेल्या बायका खुदकन हसल्या. रावजीशेठ शिडीवरच अडकले. खाली उतरावं तर बाई समोर उभ्या.

"दादासाहेबांना विचारायला हवं," ते पुटपुटले.

"विचारा की. आणि हेही विचारा, त्यांच्या घरच्या बायका आरतीला येताना पोलक्याला काय लावतात? दोरा?"

रूळ आणि इंजिन पदराखाली घेऊन सुचित्राबाई घरी आल्या आणि पडवीत कमळसमोर ठेवले.

"उद्या आपल्याही घरी गणपती बसतोय. त्याच्यापुढे फिरेल ही. हुकांसकट, शिशासकट. चावी तू द्यायची, नवं पोलकं घालून. ज्याला बघायचंय तो आपल्या दारात येईल."

कमळने रुळांवरून बोट फिरवलं. मग डबी उघडून त्यातले हूक ओंजळीत ओतले.

"दोनच डबे उसवलेत," ती म्हणाली. "दुपारपर्यंत शिवून काढते."

सुचित्राबाई आतल्या खोलीत गेल्या. राग ओसरला की भीती येणार, हे त्यांना ठाऊक होतं. उद्या आळीतलं कोणी फिरकलंच नाही तर? मुलगी रिकाम्या पडवीत गाडी फिरवत बसली तर? त्यांनी मशीनचं झाकण उचलून उलटं केलं. खडूचे आकडे ठळक होते. कमळने नुकतेच गिरवलेले.

खोरशेदबाईंना पोस्टातून ट्रंक कॉल लावायचा. किती का ताटकळावं लागेना. पावसाळ्यात बंद असलेली लाँच सुरू झाली असली तर लाँचने, नाहीतर पनवेलवरून एस्टीने, पण उद्या नक्की या, म्हणायचं. तुमची गाडी आता वळणावर पडत नाही.

आकडे तोंडातल्या तोंडात घोकत सुचित्राबाईंनी पुन्हा चपला घातल्या.