विहिरीतली हिरवी आसरा

सोनाक्कांनी नारळ डोक्याच्या वर नेला, तेव्हा मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. परक्या बाईचा हात धरणं ही माझी त्या दिवसातली सर्वांत लहान चूक होती.

मोहोळच्या अलीकडच्या एका गावात त्यांची नवी विहीर चालली होती. काठावर, पसरलेल्या खणावर, एक दगड ठेवला होता. आकाराने मध्यम कलिंगडाएवढा. खाली पांढऱ्या पाकळ्यांसारखे स्फटिक आणि त्यांच्या मधोमध हिरव्या काचेचे पाच मनोरे, एकाचंही टोक न मोडलेले. शेजारी वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. नारळ त्या दगडावरच फुटणार होता.

"आक्का, थांबा," मी म्हणालो. "हिला नारळ चालत नाही."

"का वो?"

का, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण तोंड उघडलं होतं. "ही थंड आसरा आहे," मी म्हणालो. "हिला तेल नको, शेंदूर नको, नारळ तर नकोच. सकाळी गार पाण्याची धार धरायची आणि मऊ कापडात गुंडाळून सावलीत ठेवायची. आमच्याकडे कोकणात अशीच पूजा असते."

कोकण मी तोवर नकाशातच पाहिलं होतं.

सोनाक्कांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग नारळ खाली ठेवला आणि शेंदराची वाटी पदराआड घेतली. मी घाम पुसला. मला वाटलं, माल वाचला.

आता माझा धंदा सांगायला हवा. मुंबईचे एक पारशी शेठ परदेशातल्या म्युझियमांना आणि शौकीन साहेबांना स्फटिकांचे नमुने पुरवत असत. मी त्यांचा सोलापूरचा एजंट. आपल्या भागातला काळा खडक कधीकाळी वितळलेला रस होता. तो थंड होताना आत हवेचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि त्यातले क्षार साचून स्फटिक वाढले. लोक त्यांना सरसकट गारा म्हणतात. पांढरा तो स्टिल्बाइट, हिरवा तो अपोफिलाइट. हिरवा क्वचित मिळतो आणि फार नाजूक असतो. टोक उडालं की तो स्पेसिमेन राहत नाही, खडी होते. तेल चिरेत शिरलं की पुन्हा निघत नाही.

शेठला दोन वर्षांपासून एका साहेबासाठी मोठा हिरवा पीस हवा होता. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत मिळाला नाही, तर सोलापूरची खोली बंद करून तुम्ही दुसरी नोकरी बघावी. माझं वय तेव्हा अडतीस होतं. दगडांखेरीज मला काही येत नव्हतं.

माझी पद्धत साधी होती. नव्या विहिरी जिथे चालत, तिथे सायकलवरून जायचं आणि वडारांच्या टोळीशी ओळख ठेवायची. पोकळी लागली की ते निरोप धाडत. यल्लप्पा हा त्या विहिरीवरचा टोळीचा म्होरक्या. त्यानेच निरोप धाडला होता. पण त्याच्या टोळीची एक रीत होती. विहिरीतून निघेल तो दगड टोळीचा, पण पोकळीत पहिला हाताला लागेल तो तुकडा शेताच्या मालकिणीच्या ओटीत घालायचा. आणि विहिरीतून आलेली चमकदार वस्तू म्हणजे आसरा, पाण्यातल्या सात बहिणींपैकी एक, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. सोनाक्कांचे यजमान बैलांच्या दलालीत बाजारोबाजार फिरत. शेताचा शब्द सोनाक्कांचाच.

दुसऱ्या दिवशी मी विकत मागायला गेलो. दगड चिंचेखाली, पाळण्यासारख्या टोपलीत, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात ठेवला होता. धूळसुद्धा नव्हती. म्युझियमने यापेक्षा बरं ठेवलं नसतं. मी इकडचं तिकडचं बोलून विषय काढला.

"देव इकत्यात व्हय, मास्तर?" सोनाक्का म्हणाल्या. मी सतत वहीत लिहायचो म्हणून तिथे सगळे मला मास्तर म्हणत.

साधी गार असती, तर चार शब्दांत सौदा झाला असता. मी तिला कोकणातून थेट वंशावळ आणून दिली होती.

पुढचे सहा आठवडे मी दर बाजाराच्या दिवशी गेलो. दर वेळी दोन बायका जास्त असत. एकीच्या सुनेला ताप होता, एकीची शेळी दूध देत नव्हती. थंड आसरेचं काय करायचं ते या मास्तरांना ठाऊक आहे, असं सोनाक्का त्यांना सांगत आणि मला पाट देत. मी प्रत्येकीला गार पाणीच सांगे. तापाला गार पाण्याच्या घड्या, शेळीला सावलीत गार पाणी. एवढ्याने नुकसान होणार नाही, अशी मनाची समजूत घालायचो. पण परतीच्या वाटेवर सायकल जड व्हायची. माझे वडील शाळामास्तर होते. मी खोटं बोललो की ते मारत नसत, नुसते जेवत नसत. त्या सहा आठवड्यांत मला ते फार आठवले.

एवढं असूनही शेठला मी काय लिहिलं होतं? पीस हाती आल्यासारखाच आहे.

दिवाळीला बारा दिवस उरले असताना शेठ स्वतः आले. मोहोळ स्टेशनवर उतरले, बैलगाडीत माझ्या शेजारी बसले आणि वाटभर साहेबाला लिहायच्या पत्राचा मजकूर मला ऐकवत राहिले. विहिरीवर पोचल्यावर सोनाक्कांनी टोपलीवरचं कापड काढलं. शेठ खाली बसले. खिशातून भिंग काढलं. पाचही टोकं एकेक करून तपासली.

"बाई, हा स्टोन आम्हाला द्या," ते शेवटी म्हणाले. "काय पाहिजे ते सांगा."

"दगुड न्हाय त्यो. थंड आसरा हाय. तिला तेल नगं, शेंदूर नगं."

"हे कोण बोलला तुम्हाला?"

"ह्या मास्तरांनी." सोनाक्कांनी माझ्याकडे बोट केलं.

शेठ वळले. चष्मा काढून त्यांनी मला नीट पाहिलं. "मास्तर," ते अगदी हळू म्हणाले, "तू माझा एजंट की हिचा पुजारी?"

मी सगळं सांगून टाकलं. नारळ, शेंदूर, कोकण, सुना, शेळी. सोनाक्का ऐकत होत्या, यल्लप्पा आणि त्याची माणसं ऐकत होती. सांगून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याखेरीज कोणालाच धक्का बसलेला नाही. यल्लप्पा तर तोंडाला फडकं लावून हसत होता.

"मला पयल्याच दिशी कळलं की," सोनाक्का म्हणाल्या. "ह्यांनी माजा हात धरला तवाच. देवाची येवडी काळजी मानूस करत न्हाय. इकत घ्यायच्या मालाचीच करतो."

"मग त्या दिवशीच बोलायचं, आक्का," मी म्हणालो. "सहा आठवडे मला..."

"चाकराशी काय बोलायचं? मालक येऊ दे म्हनलं."

शेठना हसू आवरेना. ते भिंग पुसत म्हणाले, बाईंनी आता भाव सांगावा.

सोनाक्कांनी आकडा सांगितलाच नाही. विहीर सहा परस झाली होती. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. खाली अखंड काळा पाषाण लागला होता. पहार उडत होती. यल्लप्पाने सांगून ठेवलं होतं की सुरुंगाची दारू कोणी पुरवली तर उतरतो, नाहीतर टोळी वैरागच्या कामावर चालली. सोनाक्कांचं म्हणणं एवढंच होतं, की शेठनी पाणी लागेपर्यंत विहीर खणून द्यावी. पीस आजच न्यावा.

"आणि तुमची आसरा?" शेठनी विचारलं.

"आसरा पान्यात असत्यात. हितं पानीच न्हाय, तर आसरा कुटली? पानी लागू द्या, तिची ती येईल."

शेठनी मला बाजूला घेतलं. खाली किती जावं लागेल? पोकळ्यांच्या खडकाखाली बहुधा तांबड्या गेरूचा थर असतो आणि त्यात झरा सापडतो, हे मला माहीत होतं. अजून दोन परस, मी म्हणालो. शेठनी परत जाऊन सोनाक्कांना होकार दिला.

"अजून एक," सोनाक्का म्हणाल्या. "हे मास्तर हितंच ऱ्हातील. पानी लागंस्तवर. थंड पान्याचं त्यास्नी लई कळतं."

"ठेवा, ठेवा," शेठ म्हणाले. "मला नको."

पीस कापसात, मग भुशात, मग पेटीत बसवून मी स्वतः पॅक केला. सोनाक्कांनी पेटीची रीतसर ओटी भरली. हळदकुंकू मात्र झाकणाला लावलं, आतल्या मालाला नाही. दिवाळीआधी पेटी बोटीवर चढली. साहेबाला पीस पसंत पडला.

मी चिंचेखाली खोपट बांधून राहिलो. आधीच्या सहांखाली दोन परस झाले. पाषाण तसाच. तीन झाले. शेठचं पहिलं पत्र पानभर होतं. दुसऱ्यात चार ओळी होत्या. तिसऱ्यात एकच शब्द होता, पाणी, आणि पुढे प्रश्नचिन्ह. शब्द दिल्यामुळे त्यांना खणणं थांबवता येईना, आणि खणणं थांबेपर्यंत मला कामावरून काढताही येईना. मी रोज दोरीने खाली उतरून सुरुंगाची भोकं मोजायचो. ते काम माझं नव्हतं. पण वर बसून राहायला लाज वाटायची.

होळीच्या आदल्या दिवशी, नव्या खणाईच्या पाचव्या परसाच्या तळाशी, तांबडा गेरू लागला. दुपारच्या सुरुंगानंतर यल्लप्पा खाली गेला आणि पाण्यात उभा राहून कानडीत ओरडू लागला. पहिली घागर वर आली ती सोनाक्कांनी माझ्यापुढे धरली. मी त्यांची पुन्हा एकदा माफी मागितली, आणि म्हणालो की गावातल्या बायकांनाही खरं काय ते सांगून टाकतो.

"अजाबात सांगू नगा," त्या म्हणाल्या. "घड्या ठेवून दोगीतिगींचा ताप उतरलाय. आता तुमचं मन हलकं करायला त्यांचं औशद कशाला काढून घेता?"

मी सांगितलं नाही. ते ओझं अजून माझ्याकडेच आहे.

शेठनी मला कामावर ठेवलं. पाच परस पाषाण खणवण्याचा अनुभव असलेला दुसरा एजंट मिळणार नाही, असं त्यांनी लिहिलं. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. कुठेही पोकळी फुटली आणि चांगला पीस दिसला, की दोन्ही हात खिशात घालायचे आणि यंदा ज्वारी कशी आहे ते विचारायचं. नारळ वर गेला तरी तोंड उघडायचं नाही. त्यात आजवर तीन चांगले पीस माझ्या डोळ्यांदेखत फुटले. विहीर मात्र पुन्हा खणावी लागली नाही.