सगळेच तांबडे

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून कुत्र्याचे गोचीड काढले. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत, खोलीच्या दारात. मी कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. बायको त्याचे केस मागे सारून एकेक गोचीड उपटायची आणि रॉकेलच्या डबीत टाकायची. कान झाले, काखा झाल्या, शेपटीखाली झालं. माझं लक्ष कुत्र्याकडे नव्हतंच. मी तिला मुलुंडची गंमत सांगत होतो. तिथे एक बाई आपल्या पॉमेरियनला बाल्कनीत बसवून फणीने विंचरते आणि वर पावडर लावते, लग्नाला न्यायचं असल्यासारखी.

ती म्हणाली, "तोंड घट धरा. गजाली मगे."

मी गप्पा थांबवून घट्ट धरलं. एवढंच. संध्याकाळी तिला छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं. दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली, ती गेलीच. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही.

मी शिकलेला माणूस नाही. लिहिता येतं, पण लिहायची सवय नाही. जसं आठवतं तसं सांगतो.

संपात गिरणी गेली आणि मी वॉचमन झालो. काम ठेकेदाराचं. तो सांगेल तिथे उभं राहायचं. आज अंधेरीत, पुढच्या महिन्यात घाटकोपरला, मग बोरिवलीला. बारा गेट बघितली. वॉचमनला माणसांशी काम कमी, कुत्र्यांशी जास्त. साहेब गाडीत बसून निघून जातो, कुत्रा दिवसभर तिथेच असतो. तोही राखणीला आणि आपणही राखणीला. त्याला मटण मिळतं, आपण डबा खातो, एवढाच फरक. असं करता करता मला कुत्र्यांच्या जाती कळायला लागल्या, आणि वस्तीवस्तीचे कुत्रे वेगळे हेही कळलं.

अंधेरीला पश्चिमेच्या बंगल्यांत अल्सेशियन. गेटवर त्याचं चित्र असलेली पाटी, आत तो. नवीन पैसेवाल्यांकडे डॉबरमन, काळा, शेपूट कापलेला. त्याला बघितलं की मालकापेक्षा नोकरच जास्त घाबरलेले दिसायचे. एका सिनेमावाल्याकडे वासराएवढा ग्रेट डेन होता, पण पाववाल्याला घाबरायचा. पाव विकणारा सायकलवाला भोंगा वाजवत आला की हा गाडीखाली. घाटकोपरला गुजराती सोसायट्यांत घरात कुत्रा नाहीच, विटाळ होतो म्हणून. पण रोज शेवटची रोटली रस्त्यावरच्या कुत्र्याला, वर तुपाचं बोट. तिथले रस्त्यावरचे कुत्रे असे फुगलेले की भुंकायलाही उठायचे नाहीत. मुलुंडला पॉमेरियन. पांढरा आणि केसाळ दिसला की लोक त्याला पॉमेरियनच म्हणायचे, मग तो कुठलाही असो. बोरिवलीला ख्रिश्चन लोकांच्या कॉलनीत आखूड पायांचे लांबडे कुत्रे, आणि पूर्वेला जंगलाच्या कडेला राहणारे लोक दिवस कलला की कुत्रे घरात घ्यायचे. बिबट्या उचलतो. वर्सोव्याला कोळ्यांचे कुत्रे काठ्यांवर वाळणाऱ्या बोंबलांखाली झोपायचे आणि मान वर करून बघायचेही नाहीत. कंटाळले होते मासळीला.

हे सगळं मी घरी येऊन बायकोला सांगायचो. तीही विचारायची, "आज खंयचो कुत्रो?" मी सांगायचो. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "गिरणीत सूत वळखीत होतास, आता कुत्रे वळखतास. पगार मात्र तोच."

आमच्या चाळीतला कुत्रा मी कधी मोजलाच नाही. गावठी. तांबडा, शेपूट वर वळलेली, जोगेश्वरीला असे चिकार. मी म्हणायचो, "ह्याला जात नाही."

ती म्हणायची, "जात नाय म्हणजे काय? ह्यो आमच्या जातीचो."

आम्हाला एक मुलगी, ती लग्न होऊन कणकवलीला. मुलगा नाही. बायको कुत्र्याला झिला म्हणायची. आमच्याकडे मुलाला झील म्हणतात. शेजारीण तिला चिडवायची, "अगं, एवढा मोठा झील झाला, आता सून बघ त्याला." ही म्हणायची, "बघलंय, पण ती घाटकोपरची. तूप मागता." मी मात्र त्याला कधी झिला म्हटलं नाही. मला लाज वाटायची. मी नुसतं 'ए' म्हणायचो.

आमच्या चाळीत एक रीत होती. कुत्रे पकडणारी गाडी नाक्यावर दिसली की जी बाई पहिली बघेल ती ताटावर उलथणं बडवायची. मग दुसरी, मग तिसरी. सगळी चाळ थाळ्या बडवायची. कुत्रे तो आवाज ओळखायचे. ज्याचं जे दार, त्या दारातून तो आत. बायका दार लावून घ्यायच्या आणि गाडीवाले चिमटे घेऊन रिकाम्या गल्लीतून शिव्या देत जायचे. आमचा तर थेट खाटेखाली जाऊन बसायचा. शिकवलं कोणी नव्हतं. आपोआप झालेलं.

ती गेल्यावर घरात चूल नव्हती. शेजारचे जेवण आणून देत होते, त्यातलं मी कुत्र्याला घालत होतो. तो खायचा थोडं, बाकी दारात पडून राहायचा. मीही तेच करत होतो.

दहाव्याला आम्ही पुरुष खाडीवर गेलो. मुलगा नाही, म्हणून सगळं मलाच करायचं होतं. न्हाव्याने डोकं केलं आणि मिशी काढली. मिसरूड फुटल्यापासून ठेवलेली मिशी. गिरणीत मला मिशीवरूनच हाक मारायचे. ओठांवर वारा लागला तेव्हा कसंतरीच झालं. परत आलो तर दारात कुत्रा नाही. कडी होती, मीच लावून गेलो होतो. लेक चुलत भावाच्या घरी होती, स्वयंपाकाला.

शेजारीण बाहेर उभी होती. माझ्याकडे बघेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"गाडी आलेली," ती म्हणाली. "आम्ही वाजवलं हो. सगळे आले आत. तुमचा तुमच्या दारात गेला, दार बंद. मी हाका मारल्या, माझ्याकडे ये म्हणून. तो येईच ना. तिच्याच दारात उभा राहिला. तिथूनच नेला."

चुलत भाऊ माझ्याबरोबर होता. मी दोरी शोधायला लागलो तसा तो म्हणाला, "डोकं फिरलंय काय तुझं? आज कुत्रा आणायला जाणार? उद्या अकरावं आहे, भटजी सकाळीच येणार. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत."

"अरे रस्त्यात दहा मिळतील तसले."

बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि तो बिचारा दहा दिवस माझ्यासाठी धावत होता. दोरी घेतली आणि निघालो.

कोंडवाडा लांब होता. जाताना वाटेत तो बंगला लागला जिथे मी वर्षभर उभा होतो. तिथला अल्सेशियन माझ्या हातून बिस्किट खाणारा. मी सवयीने गेटपाशी थांबलो. तर तो असा अंगावर आला की गेट हललं. मी बोललो त्याच्याशी, नेहमीसारखा. तरी भुंकत राहिला. तिथला नवीन वॉचमन बाहेर आला आणि म्हणाला, "क्या है बाबा? आगे जाओ, भीख नहीं." माझं तुळतुळीत डोकं, अंगावर कोरं धोतर, अंगाला खाडीचा वास. त्याचं काय चुकलं?

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ह्या कुत्र्याने ओळखलं नाही, तर आमचा तरी कसा ओळखणार?

कोंडवाड्यात एकच माणूस होता. खाकी हाफ पँट, हातात विडी. त्याने विचारलं, "कसला कुत्रा?"

"गावठी."

"रंग?"

"तांबडा."

तो हसला नाही, तेही नशीब. म्हणाला, "या. बघा."

लांबच लांब पिंजरा. एका बाजूला एकच पॉमेरियन, मळून काळा झालेला. माणूस म्हणाला, "ह्याचा मालक येईल गाडी घेऊन. येतातच." आणि दुसऱ्या बाजूला तांबडे. सगळेच तांबडे. शेपूट वर वळलेली, कान उभे, छाती पुढे. मी अंधेरीचे दोन डॉबरमन एकमेकांपासून वेगळे सांगितले असते. इथे माझा एक कुत्रा होता आणि मला तो सापडेना. त्याच्या कुठल्या पायाला पांढरं आहे, कान कुठे फाटलाय, पोटावर डाग आहे का, हे सगळं तिला ठाऊक. मी फक्त तोंड धरायचो. बरं, ते तोंडसुद्धा बघितलं होतं का नीट? हातांत होतं, डोळ्यांत नव्हतं.

"हाक मारा की," माणूस म्हणाला. "नाव असेल ना काही?"

मी म्हटलं, "ए."

कोणी हललं नाही. तो माणूस माझ्याकडे बघत होता. मग मी म्हटलं, "झिला." आधी हळू. मग मोठ्याने.

सगळे उठले. सगळेच्या सगळे जाळीशी आले, एकमेकांच्या अंगावरून, शेपट्या हलवत, नाकं बाहेर काढून. प्रत्येकाला वाटलं मी त्याच्यासाठीच आलोय. एकच मागे कोपऱ्यात बसून राहिला आणि माझ्याकडे टक लावून बघत होता.

मी विचार केला, अल्सेशियनने ओळखलं नाही. म्हणजे जो ओळखत होता तोच आता ओळखणार नाही. हे बाकीचे भुकेने आलेत. आपला तो मागचा. तो मिशी शोधतोय.

तरी मी दोन-तीनदा सगळ्यांवरून नजर फिरवली. त्यातला एक जाळीशी उभा राहून ओरडत नव्हता, नुसता कुंई कुंई करत होता. माझी नजर पुन्हा पुन्हा त्याच्यावरच जायची. मी म्हटलं, "भाऊ, दोन नेऊ का?"

"एकाचाच मालक तुम्ही. दोन कसे?"

"उद्या येऊ का मग परत? शेजारणीला घेऊन येतो, तिला ओळखू येईल."

"उद्याचं काही सांगत नाही मी. रोज गाडी भरून येते. जागा लागते." त्याने विडी टाकली. "बोला, कुठला?"

मी कोपऱ्यातला दाखवला.

बसमध्ये कुत्रा घेत नाहीत, म्हणून चालत आलो. तो गुपचूप चालला. ना ओढलं, ना मागे राहिला. मी बोलत होतो त्याच्याशी. काय बोललो ते सांगत नाही. चाळीच्या तोंडाशी आल्यावर दोरी सैल सोडली, म्हटलं आता जाईल धावत दाराकडे. तो गटाराशी थांबला, वास घेतला आणि तिथेच बसला.

माणसं जमली. एक म्हणाला, "आणलात? वा, वाळला हो." दुसरा म्हणाला, "घाबरलाय, उद्या होईल बरा." पोरं म्हणाली तोच आहे. एक म्हातारी म्हणाली तो नाही, आणि तिचीच सून म्हणाली, तुम्हाला दिसतं काय. शेजारीण खाली बसली. त्याचा कान उलटा करून बघितला, पाय बघितले.

मी म्हटलं, "सांगा की वहिनी."

"आपला एवढा उंच नव्हता," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पण काय हो, मी तरी कुठे मोजायला गेलेय. असेल. तोच असेल."

ती खोटं बोलत होती. मला कळलं आणि तिलाही कळलं की मला कळलं. तिने माझ्या लेकीच्या हाती दुधात कालवलेला भात पाठवला. कुत्र्याने सगळा खाल्ला. आमचा दुधाला तोंड लावायचा नाही, एवढं मात्र मला माहीत होतं.

सकाळी भटजी यायच्या आधी मी पुन्हा दोरी घेतली. लेक दारात आडवी आली. "बाबानू, खंय चाललास? सगळे येतले आता." म्हटलं, आलोच. शेजारीण चपला घालून माझ्याबरोबर निघाली. त्या बंगल्यावरून न जाता लांबच्या रस्त्याने गेलो.

पिंजऱ्यातली तांबड्यांची बाजू रिकामी होती, धुतलेली. फरशीवर पाणी होतं आणि फिनेलचा वास होता. पॉमेरियन अजून तिथेच होता, आम्हाला बघून उठला. तो खाकीवाला पाइप गुंडाळत होता. त्याने मला ओळखलं आणि मान खाली घातली. शेजारीण पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन उभी राहिली.

परत आलो तेव्हा भटजी येऊन बसले होते आणि भाऊ दारात येरझाऱ्या घालत होता. माझ्या हातात नुसती दोरी बघून त्याचा राग उतरला. हळू आवाजात त्याने विचारलं, "काय रे, मिळाला का?"

तो दुसरा कुत्रा गटाराशीच बसला होता, आमच्या दाराकडे पाठ करून.

मी म्हटलं, "घरीच आहे."

मग हातपाय धुतले आणि पाटावर जाऊन बसलो.