पेन्सिलीतले मार्क

आधीच सांगून टाकते, त्या निकालावर सही माझी होती. नंतर कुणीतरी शोधून काढेल आणि म्हणेल, बाई गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगते आणि स्वतःवर आलं की मूग गिळून बसते. तेव्हा ते आधीच झालेलं बरं.

आमच्या कॉलेजात तिला मुलं पेन्सिलबाई म्हणत. ती आणि मी गणित विभागात एकाच महिन्यात आलो. पदवी एकच. गुण तिचे माझ्यापेक्षा जास्त. मला कायमची जागा मिळाली, तिला तासांवरची. ‘पुढच्या वर्षी तुमचंही बघू’ असं तेव्हाचे प्राचार्य तिला म्हणाले होते. त्यानंतर तीन प्राचार्य निवृत्त झाले आणि पुढचं वर्ष काही आलं नाही. एकोणीस वर्षं दर वर्षी नेमणुकीचं नवं पत्र. तास घेतला तर पैसे. सुट्टी पडली, नाही. पोरं सहलीला गेली, नाही. ताप आला, मुळीच नाही. मी विभागप्रमुख झाले तेव्हा पेढे माझे होते आणि वेळापत्रक तिनं करून दिलेलं होतं. मला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणायची. मी तिला ‘अगं ए’ म्हणायचे. एकोणीस वर्षांत मला यात काही खटकलं नाही, ही माझी बुद्धी.

पेन्सिलबाई हे नाव पडलं तिच्या पेपर तपासायच्या पद्धतीवरून. आम्ही सगळे एक पेपर उचलतो, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासतो, बेरीज करतो, बाजूला टाकतो. ही तसं करत नसे. ती आधी सगळ्या गठ्ठ्याचा फक्त पहिला प्रश्न तपासायची. मग पुन्हा वरपासून सगळ्यांचा दुसरा. असं सहा वेळा. मार्क समासात पेन्सिलीनं. सगळं झालं की एकदा परत वाचायचं, कुठे हात सैल सुटलाय, कुठे आखडलाय ते बघायचं, खोडायचं, आणि मग लाल शाईनं गिरवून खाली सही.

मी एकदा विचारलं, “अगं, एवढा घोळ कशाला घालतेस?”

“मॅडम, पहिले वीस पेपर मी चहा पिऊन तपासते आणि शेवटचे वीस डोकं दुखत असताना. डोकेदुखी एकाच्याच वाट्याला का? वाटून देते सगळ्यांना.”

सायकलच्या दुकानावर दोन खोल्या होत्या तिच्या. नवरा टेम्पो चालवायचा. सासूबाई पलंगावर बसून जुन्या ब्लेडनं पेन्सिलींना टोक काढून द्यायच्या. मी गेले की म्हणायच्या, “आमच्याकडे माणसांपेक्षा पेपर जास्त राहायला येतात. बरं, पेपर निदान जेवायला तरी मागत नाहीत.” पेपर तपासण्याचे तिला वेगळे पैसे मिळत नसत. ते तासाच्या पैशांतच आलं, असं कॉलेज म्हणे. पान तपासायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कुणी कॉलेजच्या तासांत मोजला नव्हता, मोजणारही नव्हतं.

त्या वर्षी तासांवरच्या सगळ्यांनी संप केला. मागण्या दोनच. सुट्टीतलाही पगार द्या आणि पेपर तपासण्याचं काम हे काम माना. शिकवणं बंद, तपासणं बंद. आम्ही कायमचे संपात नव्हतो. आमचा ‘नैतिक पाठिंबा’ होता. म्हणजे गेटवरच्या मांडवापाशी थांबून ‘अगदी बरोबर आहे तुमचं’ म्हणायचं आणि आत जाऊन पंख्याखाली बसायचं.

संप सुरू झाला तेव्हा पेन्सिलबाईकडे दोनशे चौदा पेपर होते. सहापैकी चार प्रश्न तपासून झालेले. पेपर अडवून ठेवले असं कुणी म्हणू नये म्हणून संपकऱ्यांनी गठ्ठे कॉलेजला परत दिले. तिनंही दिला. वर सुतळीत चिठ्ठी खोचलेली: प्रश्न एक ते चार तपासले, तेही कच्चे. पाच आणि सहा बाकी.

पहिले चार प्रश्न मिळून साठ मार्कांचे. पाचवा आणि सहावा वीस-वीसचे. पास व्हायला शंभरात चाळीस. हे एवढं गणित सातवीतल्या पोरालाही जमेल.

संपाच्या तिसऱ्या आठवड्यात प्राचार्यांनी फर्मान काढलं. निकाल लागलाच पाहिजे, उपलब्ध मार्कांवर लावा. परीक्षा विभागातल्या कारकुनानं सुतळी सोडली, समासातल्या पेन्सिलीच्या मार्कांची बेरीज केली आणि शंभरपैकी म्हणून तक्त्यात भरली. मग तो तक्ता माझ्या टेबलावर आला. शिक्षिका संपावर, तेव्हा सही विभागप्रमुखाची.

चिठ्ठी तिथेच होती. मी ती वाचली. वरचा एक पेपर उघडलासुद्धा. पाचव्या प्रश्नाला अडीच पानं उत्तर लिहिलेलं, समास कोरा. मी प्राचार्यांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, तपासलेत ना? मग झालं तर. बाकीचं आपण नंतर बघू. आणि पुढच्या महिन्यात तुमची बढतीची फाईल माझ्याकडे येतेय, हो ना?”

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मला घरी जायचं होतं. मी सही केली. बढतीसाठी केली म्हटलं तर निदान काहीतरी मोठं कारण वाटेल. खरं सांगायचं तर घाईही तेवढीच होती.

दोनशे चौदापैकी एकशे एकतीस नापास. दुसऱ्या दिवशी गेटवर पोरं आणि आईबाप जमले, आणि शिव्या कुणाला? प्राचार्यांना नाही, मला तर नाहीच. मांडवात बसलेल्या पेन्सिलबाईला. “पगारासाठी पोरांचं वाटोळं केलंत!” एकानं तर तिच्या पायाशी गुणपत्रिका भिरकावली. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी खिडकीतून बघत होते. खाली उतरून ‘सही माझी आहे’ म्हणायला जिन्याच्या बावीस पायऱ्या होत्या. मी उतरले नाही.

तिनं ती गुणपत्रिका उचलली, वाचली आणि पोरांना एवढंच म्हणाली, “पेपरची झेरॉक्स मागा. अर्ज केला की द्यावीच लागते. ती घेऊन माझ्याकडे या.”

पोरं झेरॉक्स घेऊन आली. मांडवातल्या सतरंजीवर बसून तिनं पाचवा आणि सहावा प्रश्न तपासायला घेतला. इतिहासाचा दाढीवाला, जो संपाचा पुढारी होता, भडकला. “बाई, हे संप फोडणं झालं!”

“कॉलेजला मी एकही मार्क दिलेला नाही,” ती म्हणाली. “लाल पेन घरी आहे. पोरांचं आहे ते पोरांना सांगतेय.”

आणि तिथंसुद्धा तिनं पद्धत सोडली नाही. आधी सगळ्यांचा पाचवा, मग सगळ्यांचा सहावा. पोरं उन्हात ताटकळली, कुरकुरली. एक म्हणालं, “बाई, माझा पूर्ण करा ना, बस चुकेल.” ती म्हणाली, “चुकू दे. तुझा अंदाज चुकायला नको.” तीन दिवस लागले. बुधवारी संध्याकाळी संपलं.

गुरुवारी सकाळी त्या पोरांतली एक चष्मेवाली माझ्या केबिनमध्ये आली. तिची आई इस्त्रीच्या दुकानात कामाला. पोरीला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्रशिक्षणाची जागा मिळाली होती, गणितात पास असल्याचा कागद शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचा होता. आमच्या तक्त्यात तिला अडतीस. झेरॉक्सवर अडतीस अधिक तेहतीस, एकाहत्तर. पेन्सिलीत.

“मॅडम, तुम्ही दुरुस्त करून सही दिलीत तर चालेल म्हणालेत रुग्णालयातले.”

“यावर शिक्षिकेची सही नाही,” मी म्हटलं. “पेन्सिलीच्या मार्कांवर मी कशी सही करू?”

असं मी म्हटलं. त्याच पेन्सिलीच्या मार्कांवर दोनशे चौदा पोरांचा निकाल लावणारी मी. जीभ कशी झडली नाही माझी! पोरगी चष्मा पुसत उभी राहिली, मग गेली.

संध्याकाळी पेन्सिलबाईचा फोन आला. आवाज चढलेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

“मॅडम, मी सही केली तर साठ जणांचा संप फुटतो. तुम्ही केलीत तर नुसती एक चूक दुरुस्त होते. चिठ्ठी लिहिली होती मी. वाचली होतीत ना?”

“बघते,” मी म्हटलं.

बघते! मराठीत यापेक्षा हलकट शब्द नसेल. शुक्रवारी मी दिवसभर बघितलं. घड्याळाकडे. चूक मान्य करायची म्हणजे प्राचार्यांकडे जायचं, बढतीची फाईल, चौकशी. पाच वाजले. ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली.

सोमवारी संप मिटला. सुट्टीतला अर्धा पगार मान्य झाला, पेपर तपासण्याचं ‘समिती ठरवेल’. मंगळवारी पेन्सिलबाई आली, सगळा गठ्ठा पुन्हा वाचला, लाल शाईनं गिरवला, प्रत्येक पेपरवर सही केली. नापास एकोणतीस उरले. चष्मेवालीचे एकाहत्तर कायम झाले. अगदी रास्त मार्क, चार दिवस उशिरा.

तो गठ्ठा तिनं कार्यालयाच्या खिडकीत दिला तेव्हा त्याच खिडकीतून तिला पत्र मिळालं. विद्यार्थ्यांना फूस लावल्यामुळे पुढील वर्षी नेमणूक नाही. कायमच्यांपैकी कुणी ब्र काढला नाही. माझी बढती झाली. मला हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण त्यानं तिचा एक तासही परत येत नाही.

कपाट रिकामं करायला ती आली तेव्हा मी तिथे होते. दोन पिशव्या, एक डबा, जाडजूड सूत्रांची वही. मी म्हटलं, “माझं चुकलं गं.” तिनं डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, “तुम्ही सही केलेल्या त्या तक्त्याची प्रत आहे?”

होती. मी दिली. तिनं टेबलावर ती सरळ केली, शेवटच्या पानावर माझी सही शोधली, पिशवीतून पेन्सिल काढली आणि सहीशेजारी समासात एक शून्य काढलं. घाई न करता, गोल, नीट.

मला राग आला. खरंच आला. “एवढंच? एकोणीस वर्षांचं एवढंच?”

“कच्चं आहे मॅडम,” ती म्हणाली. “पेन्सिलीनं दिलंय. सगळे प्रश्न कुठे तपासून झालेत तुमचे?”

पिशव्या उचलून ती गेली. आता ती सायकलच्या दुकानावरच शिकवण्या घेते. चष्मेवालीनं पुढच्या वर्षासाठी पुन्हा अर्ज केलाय, असं ऐकलं. पेपर तपासण्याचं ठरवणारी समिती अजून बसलेली नाही. त्या समितीवर कायमच्यांचा एक प्रतिनिधी हवाय, आणि प्राचार्यांनी माझं नाव सुचवलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आठ महिने तो तक्ता माझ्या खणात आहे, आणि सहीशेजारचं शून्य तिनं येऊन खोडलेलंही नाही, गिरवलेलंही नाही.