पाण्याची सुई

"पालथी हो," डॉक्टर म्हणाले. मी झाले. त्यांनी माझं पोलकं वर सरकवलं. विचारलं नाही. पलंगाभोवती आठ-दहा शिकाऊ डॉक्टर, पोरं आणि पोरी. माझी पाठ त्यांच्यापुढे उघडी, तोंड उशीत.

डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईहून नवीन भारी औषध आलंय, याने तू बरी होशील. सुई टोचली. पाव तास सगळे थांबले. मग विचारलं, कसं वाटतंय. खरंच हलकं वाटत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा कमरेतली कळ सैल झाली होती.

"कमी शे, साहेब," मी म्हटलं. रडू फुटलं. मी हात जोडले. ते हात जोडणं मला आजही सहन होत नाही.

डॉक्टर पोरांकडे वळले. "पाणी होतं. नुसतं मीठपाणी."

सगळे हसले.

मग माझ्यादेखतच त्यांनी शिकवायला घेतलं. हिचं दुखणं कमरेत नाही, डोक्यात आहे. दुखतंय म्हटलं की काम टळतं, घरात चार माणसं विचारपूस करतात, म्हणून या बाया दुखणं धरून ठेवतात. एक पोरगी हळूच म्हणाली, पण सर, ही पडली होती ना. डॉक्टर म्हणाले, "पडली तेव्हा दुखलं असेल. तीन वर्षं? या लोकांची कातडी जाड असते. यांना दुखत नाही, सवय लागते."

मी एरंडोलजवळ एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, कामाला होते. डोक्यावर कापसाची पाटी घेऊन लोखंडी जिना चढायचा, वर मशीनपाशी ओतायची. गावात पहिला टीव्ही आला त्या वर्षी पायरीवरून पाय निसटला. पाठीवर पडले. फोटोत हाड शाबूत निघालं. हाड शाबूत, म्हणून मी खोटी.

दवाखान्याच्या कागदावर लिहून आलं, दोष नाही. मुकादमाने तो वाचला आणि पडल्यापासून दिलेल्या खालच्या बसून करायच्या कामावरून मला उठवून पुन्हा जिन्यावर घातलं. सुईच्या दिवशी नवरा वॉर्डाच्या दाराबाहेर उभा होता, त्याने हसणं ऐकलं होतं. त्याच्याकडून जिनभर झालं. मी कमरेला हात लावला की मुकादम म्हणायचा, हिला पाणी पाजा, बरी होईल. बायाही हसायच्या. घरी नवरा तांब्या पुढे करायचा.

याहून वाईट पुढे झालं. मीच माझ्यावर पाळत ठेवायला लागले. मुकादम जवळ उभा राहिला की कळ वाढायची. शेजारणीशी बोलत चढले तर चार पायऱ्या कळायच्याही नाहीत. माहेरी दोन दिवस बरं वाटायचं. म्हटलं, डॉक्टर खरं बोलला. मी ढोंगी आहे. मग पदर दातात धरून आणखी पाट्या उचलल्या. एकदा जिन्यावरच लघवी झाली. तरी तोंड उघडलं नाही.

जिनाच्या फाटकावर एक म्हातारे आबा बसायचे. मशीनने त्यांची तीन बोटं नेलेली, माझ्या लग्नाच्याही आधी. एका दुपारी ते दुसऱ्या हाताने बोटांच्या रिकाम्या जागी हवा चोळत होते. मी विचारलं, काय झालं.

"बोटं दुखतस."

"बोटं शेतस कुठे, आबा?"

"नहीत. तरी दुखतस."

त्यांना कोणी हसत नव्हतं. तुटलेला हात सगळ्यांना दिसत होता. मी तिथंच खाली बसले. बोट नाही तिथं दुखतं, आणि ते खोटं नाही. मग माझं डोक्यात असलं तरी खोटं कसं? पाण्याने मला हलकं वाटलं, कारण तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी म्हणालं होतं की तू बरी होशील. मुकादम आला की वाढतं, तर वाढवणारा तो आहे. मला कोणी हे शिकवलं नव्हतं. मी त्या दिवशी दोन पाट्या कमी वाहिल्या.

पुढच्या वर्षी दवाखान्यातून निरोप आला. नवीन पोरं आली होती, त्यांना ती पाण्याची बाई दाखवायची होती. ये, हलक्या कामाची चिठ्ठी देतो, असं कबूल केलं होतं. मी गेले.

"पालथी हो."

मी पलंगावर बसून राहिले. "नही व्हनार."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. मी म्हटलं, "तुम्ही माले पानी टोचं आनि औसद सांगं. माले जे वाटनं ते मी सांगं. खोटं कोन बोलनं, साहेब?"

पोरं खाली बघत होती. डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत काहीतरी खरडलं आणि वॉर्डातल्या माणसाला सांगून मला दंडाला धरून बाहेर काढलं. चिठ्ठी मिळाली नाही. आठ दिवसांत जिनातूनही काढलं. नवरा म्हणाला, जा, पाया पड. मी गेले नाही. तो चार महिने माझ्याशी बोलला नाही.

कंबर बरी झाली नाही. आता लोकांच्या शेतात निंदायला जाते. कळ आली की सगळ्यांदेखत मधेच बसते आणि दुखतंय म्हणून सांगते. मालक ओरडतो. ओरडू दे. नवीन पोरी येतात, त्यांना मी सांगते, दुखलं तर लपवू नका, आणि कोणी दाखव म्हटलं तर दाखवू नका. माझ्या दुखण्याला साक्षीदार मी आहे. दुसऱ्या कोणाचा कौल मी मानणार नाही.