माठाची जागा

साखरशेतच्या कमूच्या घरी ऐन शिमग्यात स्ट्रॉबेरी पिकली, असं जव्हारच्या बाजारात सांगाल तर लोक हसतील. हसू द्या. कमूचा नवराही हसलाच होता, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

दिवाळीच्या आधी गावात बायकांचं शिबिर झालं. शिकवायला आलेल्या वर्षाताईंनी कमूला चाळीस रोपं, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक काचेचा तापमापक दिला. "पारा तिशीच्या खाली ठेवा," ताई म्हणाल्या. "त्याच्या वर गेला की फूल गळतं." कमूने मान डोलावली आणि तापमापक देवाच्या फोटोशेजारी टांगून ठेवला.

तिचा नवरा सावळा दिवाळीनंतर दरवर्षीसारखा वीटभट्टीवर निघाला. अंगणातल्या पिशव्यांकडे बघून हसत म्हणाला, "ही थंड मुलखातली पोरं. शिमग्याला मी येईपर्यंत जगली तं बरं. नायतर पुढच्या साली तूही चल भट्टीवर. बाबांना मोखाड्याला माझ्या ताईकडं ठेवू."

तो हे हसत बोलला, पण कमूला हसू आलं नाही. लग्नानंतरची तीन वर्षं तिने भट्टीवर काढली होती. तिथली धग अंगात किती दिवस राहते ते तिला माहीत होतं. आणि तिचे सासरे, मंगळूबाबा, लेकीच्या घरी चार दिवसांवर टिकत नसत. रोपं जगवायची म्हणजे हे घर उघडं ठेवायचं, एवढं तिला तिथल्या तिथे कळलं.

पहिला घात केला तो मंगळूबाबांनीच, आणि तोही मायेपोटी. या भागात पावसाआधी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. राब भाजल्याशिवाय भात नाही की नाचणी नाही. सत्तर वर्षं हेच करत आलेला म्हातारा, डिसेंबरात एका पहाटे उठून बघतो तर रोपांवर दव, पानं आक्रसलेली. म्हाताऱ्याला वाटलं, लेकरं काकडली. त्याने पिशव्यांच्या दोन ओळींमध्ये पाला पसरला आणि दिला पेटवून. कमू पाणी घेऊन आली तेव्हा बावीस रोपं करपली होती आणि बाबा समाधानाने हात शेकत बसले होते.

"बाबा, यांना थंडीच पाहिजे!"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. दोन दिवस तो धड जेवला नाही. कमू रागावली होती खरी, पण तिसऱ्या दिवशी तिनेच त्याला भाकरी वाढून सांगितलं, "अठरा उरलीत. आता राखण तुमची."

अठरा रोपांना फुलं आली आणि जानेवारी सरता सरता ऊन तापलं. दुपारी अंगणात पारा तेहतीस दाखवू लागला. फुलं सुकून गळायची. कमूने काळ्या पिशव्यांना बाहेरून चुना फासला, मातीवर पेंढा अंथरला. पारा मागे हटेना. एका दुपारी ती वैतागून घरात आली, मागच्या पडवीत गेली आणि माठातलं पाणी प्यायली. घशाखाली गार गेलं तशी ती तांब्या हातात धरून तिथेच थांबली.

पडवी उत्तरेला, वर फणसाची सावली, खाली शेणाने सारवलेली जमीन. सासूने ही जागा माठासाठी निवडली होती, आणि माठासाठी घरातली सर्वांत गार जागाच निवडतात. कमूने तापमापक आणून लावला. पंचवीस!

माठ चुलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि रोपं पडवीत आली. मंगळूबाबांनी आडोशाला कारवीच्या काड्यांचा कूड बांधला, त्यावर गोणपाट सोडलं आणि दुपारी दर तासाला ते भिजवायचं काम स्वतःकडे घेतलं. पूर्वेच्या अंगाने येणारं सकाळचं कोवळं ऊन रोपांना मिळावं म्हणून गोणपाट वर करायचं, नऊच्या सुमाराला खाली सोडायचं. शाळा न शिकलेला हा माणूस आता पारा वाचायला लागला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून आकडा सांगायला लागला.

शिमग्याच्या दिवशी भरदुपारी सावळा जीपमधून उतरून घामाघूम घरी आला. अंगण रिकामं. "मेली ना?" तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता पाणी प्यायला पडवीत शिरला.

तिथे माठ नव्हता. हिरव्या पानांखाली लालभडक फळं लोंबत होती.

मंगळूबाबांनी चुलीकडून तांब्या आणून दिला. सावळ्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे तं कोमट हाय."

"गार जागा एकच. ती यांना दिली," बाबा म्हणाले.

"कवापासून?"

"महिना झाला वर. आपल्याला चालतं रं, यांना नाय चालत."

सावळ्याने कमूकडे बघितलं. तिने तापमापक त्याच्या हातात ठेवला. त्याने तो अंगणात नेला तर पारा सदतीस, इथे परत आणला तर सत्तावीस. सावळ्याने एक फळ तोडून खाल्लं, मग उरलेलं सगळं कोमट पाणी, तोंड वाकडं न करता, पिऊन टाकलं.

होळी झाली. भट्टीवर परतायच्या आदल्या दिवशी सावळा कोयता घेऊन रानात गेला आणि कारवीच्या दोन मोळ्या आणि खांबांसाठी चार मेढी घेऊन आला. पडवीला लागून उत्तरेलाच त्याने खड्डे खणायला घेतले.

"हे कशाला?" कमूने विचारलं.

"दुसरी पडवी. माठ जाऊ दे त्याच्या जागी, बाबा किती दिवस कोमट पितील?" तो खाली बघून खणत राहिला. "यात ऐंशी पिशव्या मावतील. दिवाळीनंतर दोघं मिळून भरू."

दिवाळीनंतर. म्हणजे भट्टीची जीप गावातून निघते तेव्हा. कमूला अभिमानाने भरून आलं, आणि तिने तो लपवलाही नाही. पदर खोचून तिने एक मेढ उचलली आणि खड्ड्यात उभी धरली.

"बाबा," तिने हाक मारली, "पारा किती?"

"सव्वीस!" आतून म्हातारा ओरडला, सगळ्या साखरशेतला ऐकू जाईल असा.