वळचणीकडचा पत्रा

निरवांगीतलं आमचं घर जुनं, दगडमातीच्या भिंतींचं. वर उतरता पत्रा. गेल्या वर्षी आईचा खुबा मोडला आणि ती खाटेला खिळली. मी बारामतीला कॉलेजात शिकवते. उन्हाळ्याआधी पत्र्याला आतून थर्माकोल लावून द्यायचं मी ठरवलं.

इंदापूरहून मिस्त्री आला. मधला उंच भाग दुपारपर्यंत झाला. वळचणीकडं मात्र पत्रा इतका खाली उतरतो की वाकूनच जावं लागतं, आणि तिथंच भिंतीलगत धान्याची मोठी कोठी. मिस्त्री म्हणाला, "ताई, ह्या सांदीत हात जात न्हाय. कोठी रिकामी करून हलवाय लागंल. उद्याचा दिवस द्या."

मला संध्याकाळी बारामतीत लग्नाला जायचं होतं. वडील, आबा, शेतात होते, आई पलीकडच्या खोलीत. मी म्हणाले, "राहू द्या. खालून पांढरं कापड ताणून लावा."

निघताना आईला सांगितलं, "सगळीकडं झालं गं."

मे महिन्यात गेले तर आईची खाट नेमकी त्या कापडाखाली. तिथून अंगण दिसतं म्हणून तिनंच खाट कोठीलगत सरकवून घेतलेली. भेटायला आलेल्या शेजारणीला ती सांगत होती, "लेकीनं छत करून दिलं. लई गार वाटतं बघ." तिच्या मानेवर घामोळ्या उठल्या होत्या. शेजारीण मान वर करून कापड न्याहाळू लागली, तशी मी चहाचं निमित्त करून आत गेले.

आत आबा कप विसळत होते. "आबा, त्या कापडामागं काहीच नाही," मी कसंबसं म्हणाले.

"ठावं हाय. पयल्याच आठवड्यात हात लावून बघितला."

"मग फोन का नाही केलात?"

"तुझी आई नगं म्हणली. पोरीला खाली मान घालाय लागंल म्हणली."

दुसऱ्या दिवशी आबांनी आणि मी कोठी रिकामी केली. मी पाठीवर पडून सांदीत थर्माकोलच्या उरलेल्या शिटा सरकवल्या. पत्र्याला कोपर टेकलं की चटका बसायचा. अख्खा दिवस गेला. मिस्त्रीनं एवढाच तर मागितला होता.

संध्याकाळी माफी मागायची म्हणून आईजवळ गेले. तोंडातून निघालं ते, "जेवलीस का?"

"जेवले," ती म्हणाली, आणि मला टेकायला जागा व्हावी म्हणून दुखरा पाय हातानं उचलत भिंतीकडं सरकू लागली.