पडद्यापलीकडची सीट

मी गाव सोडलं त्याच दिवशी टँकर आला.

निरोप द्यायला गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या. ओटी भरून झाली होती, जीप सुरू होऊन घरघरत होती, आणि वेशीकडून कुणीतरी ओरडलं, "टँकर आला!" बघता बघता दार रिकामं झालं. माझी आईसुद्धा पळाली. दोन्ही हातांत घागरी घेऊन वळून म्हणाली, "तू हो पुढं, मी पानी घेऊन आलेच." बाप तेवढा जीपजवळ उभा राहिला. "बॅगा नीट बसल्या का?" एवढंच त्यानं दोनदा विचारलं. आई परत येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. बीडला जाऊन मुंबईची गाडी गाठायची होती. हायवेला लागेपर्यंत मी मागं बघत होते, पण धुळीत मला टँकरच दिसत होता आणि त्याच्या भोवतीचे रंगीत पदर.

आमचं गाव गेवराई तालुक्यातलं. गोदावरी फार लांब नाही, पण त्या वर्षी पात्रात वाळूच्या ट्रकांच्या चाकोऱ्या तेवढ्या होत्या. आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला पश्चिमेकडं जायचे. मी मात्र बीडला मावशीकडं राहून शिकले, मग अंबाजोगाईला नर्सिंग केलं. तिथून डब्लिनच्या एका रुग्णालयात नोकरी लागली, आणि तेवढ्यानं माझं लग्नसुद्धा जमलं.

हे जरा सांगायला हवं. माझे सासरे सहकारी साखर कारखान्याचे संचालक होते. बागायत जमीन, दारात जीप, पंचक्रोशीत मान. एरवी त्या घरानं ऊसतोड्याच्या पोरीकडं पाहिलंही नसतं. पण पाऊस लागोपाठ हुकला, ऊसच उरला नाही, कारखान्याचं धुराडं थंड पडलं. मग परदेशात नोकरी लागलेली सून चालली. दिलीप, म्हणजे माझे मिस्टर, स्वभावानं वाईट मुळीच नाहीत. पण ते जीपच्या पुढच्या सीटवर लहानाचे मोठे झालेले. मागं कोण कसं बसलंय हे वळून बघायची सवय त्यांना कधी लागलीच नाही.

आधी मी एकटी गेले, मग त्यांना बोलावून घेतलं. व्हिसा माझ्या नोकरीवर, घर माझ्या नावावर. सुरुवातीची वर्षं ते घरी बसून होते, तेव्हा मला त्यांचं वाईट वाटायचं. पुढं त्यांना वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत फिरतीची नोकरी लागली. आज फ्रँकफर्ट, उद्या माद्रिद. मी नाईट करून यायची, तेव्हा ते सूटकेस घेऊन निघालेले असायचे, दाढी केलेले, सेंट मारलेले. मला तेव्हापासूनच त्यांचा हेवा वाटायला लागला होता, फक्त मी त्याला दमणूक म्हणायचे.

रेवा आठ वर्षांची आणि ओम तीन वर्षांचा असताना आम्ही चौघं पहिल्यांदा एकत्र भारतात निघालो. जायच्या आठवड्यात दिलीप लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, "विमानाचे पॉइंट्स साठलेत. एक सीट बिझनेसमध्ये अपग्रेड होतेय."

"एकच?"

"एकच. माझी पाठ तुला माहीतच आहे."

मी दिवसभर पेशंट उचलते. वळवते, बसवते, उठवते. माझ्याही पाठीला पट्टा आहे, तो त्याच खोलीत खुंटीला लटकत होता. पण मी म्हणाले, "घ्या की मग." तसं म्हणायची सवय मला घरातूनच लागली होती.

विमानात शिरताना ते डावीकडं वळले आणि आम्ही उजवीकडं. "पहिल्या विमानाच्या सात तासांचा तर प्रश्न आहे," असं म्हणून त्यांनी ओमच्या केसांतून हात फिरवला. आम्हाला जागा मिळाली होती ती पडद्याच्या अगदी मागं. दूर कुठंतरी मागं असते तर बरं झालं असतं. इथं पडदा हलला की मला पुढचं सगळं दिसायचं. काचेचे ग्लास, पांढरे टेबलक्लॉथ, कुणाचे तरी लांब सोडलेले पाय. गरम ब्रेडचा वास आमच्याकडं यायचा, ब्रेड मात्र नंतर यायचा आणि गार असायचा.

मी काय करत होते सांगू? ओमच्या कानात दडे बसले होते म्हणून त्याला मांडीवर घेऊन हलवत होते, सांडलेला ज्यूस रुमालानं टिपत होते, रेवाचा टीव्ही लागत नव्हता म्हणून तिची समजूत घालत होते, आणि या सगळ्यात माझं लक्ष त्या पडद्यावर होतं. पुढं बसलेल्या एकाही माणसाला मी ओळखत नव्हते, तरी मला सगळ्यांचा राग येत होता. एका म्हातारीला एअर होस्टेसनं वाकून पांघरूण घातलं. मला त्या म्हातारीचाही हेवा वाटला. मी जन्मभर लोकांना पांघरुणं घालत आले आहे.

ओम रडायचा थांबेना, तेव्हा मी रेवाला म्हटलं, "जा, पप्पांना बोलाव."

ती गेली आणि लगेच परत आली. तोंडात चॉकलेट. "मम्मी, पप्पा झोपलेत. त्यांची सीट बेड होते! अगदी खराखुरा बेड. आपण का नाही तिथं बसत?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होतं, पण आठ वर्षांच्या मुलीला देण्यासारखं नव्हतं. मी ओमला कडेवर घेतलं आणि पडदा सारला. एअर होस्टेस अदबीनं आडवी आली. मी इंग्रजीत सांगितलं की माझा नवरा तिथं आहे आणि हा त्याचा मुलगा आहे. माझ्या चेहऱ्याकडं बघून ती बाजूला झाली.

दिलीप डोळ्यांवर पट्टी लावून उताणे झोपले होते. मी ओमला त्यांच्या पोटावर ठेवलं.

"अहो, उठा."

"काय झालं? उतरलो?"

"नाही. अजून अर्धं राहिलंय. मागं जा, तिथं रेवा एकटी आहे. हा तुमच्याजवळ राहील. मी झोपणार आहे."

"सुनंदा, लोक बघतायत."

"बघू द्या. उठा."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. संचालकांच्या मुलाला असं चारचौघांत कुणी उठवलं नसावं. पण ते उठले. चपला शोधल्या, ओमला खांद्यावर टाकलं आणि गेले. त्यांच्या अंगानं गरम झालेल्या त्या बिछान्यावर मी आडवी झाले. पाय लांब केले. पुढं काहीच अडलं नाही.

आता खरं सांगते. मला झोप लागली, पण आधी थोडा वेळ नाही लागली. कारण पडद्यामागून ओमचं हसणं ऐकू येत होतं. तोच ओम, जो माझ्याकडं इतका वेळ भोकाड पसरत होता, बापाकडं जाताच खिदळत होता. रेवाही हसत होती. तिघांचं काहीतरी चाललं होतं आणि त्यात मी नव्हते. हवी ती जागा मिळाली होती आणि माझा हेवा आता मागच्या रांगेत जाऊन बसला होता. मग मी कानात बोळे घातले आणि मस्त झोपले.

उतरताना दिलीपच्या शर्टावर ज्यूसचा मोठा डाग होता. ते एवढंच म्हणाले, "दोघं फार दमवतात गं." मी म्हणाले, "हो का?"

गावी पोहोचले, तेव्हा आमच्या घरात पुष्कळ बदललं होतं. आईबापानं तोडीला जाणं सोडलं होतं. बापाची दोन म्हशींवर गुजराण चालू होती, दूध सहकारी डेअरीला जायचं. भाऊ-वहिनी शेजारच्याच खोलीत राहत. वहिनी आईच्या केसांना तेल लावत उन्हात बसायची, आणि आई तिला "जरा जोरात चोळ की गं" म्हणायची, हक्कानं. माझ्याशी मात्र आई पाहुणीशी वागावं तशी वागत होती. नवीन ताट, नवीन टॉवेल. तुम्ही गावात राहिलेल्यांना वाटतं की आम्ही बाहेर गेलेले सुखात आहोत. आमच्यातल्या कित्येकांना विचारा, तुमच्या एका दुपारसाठी जीव कसा जळतो ते.

एका सकाळी चुलीपाशी आईला मी विमानाची गोष्ट सांगितली. मला वाटलं, ती जावयाची बाजू घेईल. ती भाकरी थापायची थांबली.

"पार झोपता येतंय? आडवं?"

"हो. पांघरूणसुद्धा देतात."

"अन् जेवायला?"

मी सगळं सांगितलं. तिनं बारीकसारीक विचारून घेतलं. मग म्हणाली, "लई बेस केलंस, उठवलंस ते. मला न्हाई जमलं कधी."

"तुला कुणाला उठवायचं होतं?"

"मुकादमाच्या बायकूला." आई तव्याकडं बघत बोलत होती. "तोडीला जाताना आमी ट्रकात मागं बसायचो, बोचक्यांवर, कोंबड्या-शेरडांसंगट. तू पोटात व्हतीस. गार वारं नुसतं अंगात घुसायचं. अन् ती पुढं केबिनीत, काच लावून. तिनं माझं काय वाकडं केलं न्हवतं बग. नुसती बसलती. पर मला तिचा असा राग यायचा, की वाटायचं हिला वढून खाली काढावं."

"कधी बोलली नाहीस."

"कुनाला बोलू? तुझा बाप म्हनायचा, पुढं बसून ती काय येगळ्या गावाला चाललीय व्हय? मी गप बसायची." भाकरी उलटून ती पुढं बोलली, "अन् तुझा बी राग यायचा."

"माझा? कावून?" इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून गावची बोली निघाली.

"तू तिकडं गेल्यावर फोनवर म्हनलीस, आई, हितं नळाला कायम पानी असतंय, रात्री बी सोडा, दिवसा बी सोडा. त्या दिवशी मी जेवले न्हाई. पोटची पोर सुखात हाय, अन् मला घास जाईना. माझ्या वाट्याला कावून न्हाई आलं, असं वाटलं."

ती हे सहज सांगत होती, जसं म्हशीचं दूध कमी झाल्याचं सांगावं. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. उलट हलकं वाटलं. त्या दिवसापासून तिनं मला पाहुणी समजणं सोडलं. दुपारी मला म्हणाली, "ऊठ, धुणं पिळू लाग," आणि मी पिळू लागले.

पुढच्या वर्षी तिला थोडे दिवस डब्लिनला न्यायला मी एकटीच आले नाही, सगळेच आलो. पासपोर्टवरच्या फोटोत ती कुणावर तरी डाफरल्यासारखी दिसते. बाप म्हणाला, "म्हशी कोन बगंल? तूच जाऊन ये." मुंबईच्या विमानतळावर दिलीप स्वतःहून म्हणाले, "या वेळी सगळे मागंच बसू. एका रांगेत." त्यांच्याकडं पॉइंट्स होते, मला माहीत होतं. विमानात शिरल्यावर मी त्यांची बॅग तेवढी उचलून वरच्या कप्प्यात ठेवली.

डब्लिनचं घर माझं आहे, गेवराईकडचंही माझंच आहे, आणि दोन्हीकडं मी दुसऱ्या घराबद्दल जळत असते. आता मला त्याचं काही वाटत नाही. ज्यांच्यासमोर हे जळणं उघड बोलता येतं, ती माणसं शेजारी बसलेली असली की मी घरीच असते, मग ती रांग विमानातली का असेना. इतपतच मला घराबद्दल कळलं आहे.

रेवा आणि दिलीप मधल्या वाटेच्या पलीकडं बसले. अलीकडं आम्ही तिघं, खिडकीशी आई, मग ओम आणि मी. ओमनं लगेच भोकाड पसरलं, "मला विंडो! आजी, मला विंडो!" मी आईकडं पाहिलं. नातू रडतोय म्हटल्यावर ती सरकेल, असं मी धरूनच चालले होते. ही बाई आयुष्यभर सरकतच आलेली.

आईनं पदर खोचला आणि ती खिडकीला आणखी चिकटली.

"रडू नको बाबा," ती म्हणाली, "तू बसशील की पुढं शंभरदा."

त्या सगळ्या प्रवासात तिनं ओमला आपला गुलाबजाम दिला, आपली उशी दिली, झोपायला मांडी दिली. खिडकी काही दिली नाही.